पलसाण्याचा झेनिथ

१

देवळाचा कळस चोरीला गेला, त्या वेळी पंडित सर गच्चीवर बसून एका शब्दावर चिडत होते. पुढे त्यांना चोरापेक्षाही स्वतःच्या या चिडण्याचा जास्त राग आला.

दिवस उत्तरायणाचा, म्हणजे सुरतेच्या संक्रांतीचा. बमरोलीच्या त्या सोसायटीत जमिनीवर माणूस म्हणून उरला नव्हता. सगळी खान्देशी मंडळी आपापल्या गच्चीवर. उंधियूची पातेली वर, जलेबीची खोकी वर, स्पीकर वर, आणि 'लपेट, लपेट' असा आरडाओरडा. सरांना पतंग उडवता येत नाही आणि दुसऱ्याचा उडताना बघवत नाही. म्हणून ते मोबाइल घेऊन बसले होते. तेवढ्यात सोसायटीच्या मंडळाच्या ग्रुपवर सेक्रेटरी राकेशचा फोटो आला. खाली इंग्रजी ओळ: हॅपी उत्तरायण फ्रॉम पलसाणा, सन ॲट झेनिथ.

"झेनिथ," सर पुटपुटले. "परत झेनिथ."

आधीच या शब्दानं त्यांच्या डोक्याला ताप दिला होता. राकेश भेस्तानला इंग्रजी बोलायचे क्लास घेतो, नाव 'झेनिथ इंग्लिश क्लासेस'. येत्या रविवारी सोसायटीतल्या नव्या कानबाईच्या देवळावर कळस चढायचा होता, तर या पठ्ठ्यानं पत्रिकेच्या इंग्रजी बाजूला छापलं, 'झेनिथ सेरेमनी'. सरांनी जन्मभर म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी पत्रिका घेऊन राकेशचं दार गाठलं.

"अरे बाबा, कळस म्हणजे ॲपेक्स. वस्तूचं टोक. ते वस्तूचं स्वतःचं असतं, तू कुठंही जा, ते तिथंच राहतं. झेनिथ कुठल्या वस्तूचा नसतो. तू जिथं उभा आहेस, तिथं बरोब्बर तुझ्या डोक्यावर आकाशात जो बिंदू, तो झेनिथ. तू भेस्तानला गेलास की तुझा झेनिथ तुझ्याबरोबर भेस्तानला. देवळावर काय चढवणार आहेस तू?"

"सर, दोन्हीचा अर्थ एकच. सर्वात उंच," राकेश हसत म्हणाला. "आजकाल एवढं कोण बघतं?"

कोण बघतं. याच वाक्यानं सरांचं रक्त खवळलं होतं. आता या फोटोखाली चांगली चार ओळींची दुरुस्ती टाकावी म्हणून ते टाइप करायला लागले. 'जानेवारीत सुरतेला सूर्य झेनिथला...' इथपर्यंत आले, आणि खालून शोभाबाईंची हाक आली. हाक कसली, हंबरडाच.

मंडळाच्या खोलीचं दार उघडं होतं. कुलूप कडीला नीट लटकत होतं, कुणी तोडलेलं नव्हतं. पाटावरची हळदकुंकवाची रांगोळी विस्कटली होती आणि कळसाचा पाट रिकामा होता.

२

कळस शोभाबाईंचा होता. म्हणजे देवीचाच, पण दिलेला त्यांनी. नवरा भिकन मिलमध्ये काम करताना वारला, तेव्हापासून या बाईनं घरी बसून साड्यांचे धागे कापले. त्यातून राखून राखून जळगावच्या तांबटाकडून हा कळस घडवून आणला, वर सोन्याचं पाणी, आणि गळ्याशी बारीक अक्षरात भिकनचं नाव. सकाळी त्यांनी त्याची पूजा केली होती. दुपारी नैवेद्य घेऊन आल्या तर ही गत.

खोलीच्या किल्ल्या दोनच. एक सेक्रेटरी म्हणून राकेशकडे. दुसरी सोसायटीतल्याच धम्मरत्नकडे, कारण फॅब्रिकेशनचं काम त्याचं. शिखरात स्टीलचा पाइप त्यानंच बसवला होता आणि रविवारी कळस तोच वर नेऊन वेल्ड करणार होता.

राकेश पलसाण्याला. फोटो सगळ्यांनी पाहिलेला. राहिला कोण?

संध्याकाळी देवळासमोर मीटिंग झाली. मंडळाचे अध्यक्ष योगराजभाऊ, म्हणजे राकेशचे वडील, खुर्चीवर बसले होते. देवळाचा चौथरा, खांब, शिखर, सगळं त्यांच्या लूमच्या कमाईतून उभं राहिलेलं.

"दुपारी खाली कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी आलो होतो," धम्मरत्न म्हणाला. "फिरकीचा दोरा संपला म्हणून. घरी गेलो, फिरकी घेतली, वर गेलो."

कुणीतरी मागून बोललं, त्याला आपल्या देवीचं काय पडलंय. धम्मरत्नचं घर बौद्ध. आजवर सोसायटीत ही गोष्ट कुणी काढत नव्हतं, निदान मोठ्यानं तरी नाही. आता एकानं काढली तशी चौघांनी माना हलवल्या. सर संतापून उठले, पण त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही.

पण खरा घाव वेगळाच बसला. धम्मरत्नची आई अंजनाबाई आणि शोभाबाई या दोघी भिंतीला भिंत लावून राहिल्या होत्या, पूर्वी एकाच मिलच्या फोल्डिंग खात्यात उभ्या राहिल्या होत्या. धम्मरत्न शोभाबाईंना मावशी म्हणत मोठा झालेला. योगराजभाऊंनी शोभाबाईंना सरळ विचारलं, "वहिनी, तुमचा संशय कुणावर?"

शोभाबाईंनी धम्मरत्नकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि खाली मान घातली. 'त्याच्यावर नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं?

अंजनाबाई उठल्या. देवळाच्या उत्तरेला, पटांगणापलीकडे त्यांचं घर. त्या चालत गेल्या आणि दार लावून घेतलं. धम्मरत्न तिथंच उभा राहिला.

"उद्या संध्याकाळपर्यंत कळस आला तर ठीक," योगराजभाऊ म्हणाले, "नाहीतर पोलिसात नाव जाईल."

पलसाण्याहून परतलेला राकेश वडिलांच्या खुर्चीमागून पुढे आला. आवाज अगदी नरम. "शोभाकाकू, तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. रविवार चुकणार नाही. आमच्या घरचा कळस चढेल. बरोबर बसेल असा आणतो."

लोकांनी वाहवा केली. सरांच्या मनात मात्र काहीतरी खुपलं. काय ते त्यांना कळेना, म्हणून ते आणखी चिडले.

३

चोरी झाली की लोक पंडित सरांकडे येतात, याला कारण शाळेतली एक जुनी भानगड. शाळेची पितळी घंटा कुणी लांबवली ते त्यांनी एका दिवसात काढलं होतं. तेव्हापासून हरवलेली सायकल, पळालेली सून, फुटलेली पाण्याची लाइन, सगळं सरांच्या दारात. त्यांना या कीर्तीचा विलक्षण वैताग होता. पण या वेळी कुणी आलं नाही, आणि तेच मनाला लागलं. लोकांचं ठरूनच गेलं होतं.

ते स्वतः धम्मरत्नकडे गेले. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागच्या बाजूनं. तो वेल्डिंगचं सामान पेटीत भरत बसला होता.

"किल्ली कुठं होती?"

"या पेटीत. अजून आहे. ही बघा." त्यानं मान वर केली नाही. "सर, मला पोलिसांची भीती नाही. मावशी गप्प बसली ना, ते..."

"ते मलाही कळलं. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. कळस तसा कुठूनही आणून त्या पाइपावर बसतो?"

"कसा बसेल? गळ्याचं माप पाइपाला जुळलं पाहिजे. बाजारात तयार मिळत नाही, तांबटाला घडवावा लागतो. मावशीच्या कळसालाच किती दिवस लागले. मी तर माप दोनदा दिलं. एकदा मावशीला आणि एकदा राकेशभाईला, दिवाळीत."

"त्याला कशाला?"

"म्हटलं, सेक्रेटरी आहे, विचारत असेल."

तिथून सर राकेशकडे गेले. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. सरांना चहा नको होता.

"पलसाण्याला कशाला गेला होतास?"

"बाबांच्या ओळखीचं डाइंग युनिट आहे ना, तिथल्या माणसांना चिक्की द्यायला. पण सगळं बंद. वॉचमनही गावी गेलेला."

"म्हणजे तुला तिथं कुणी पाहिलं नाही."

राकेश हसला. मोबाइल काढून त्यानं फोटो मोठा केला. "सर, हा काय साक्षीदार कमी आहे? युनिटचा गेट दिसतोय. आणि माझी सावली बघा, अगदी पायाखाली. म्हणजे भर दुपार. कळस गेला तोच टाइम. तुम्ही भूगोलाचे, तुम्हाला मी काय सांगायचं."

सरांनी चष्मा पुसून फोटो पाहिला. गेट होता, सिमेंटची मोकळी जागा होती, मधोमध राकेश. सावली खरंच बुटांपुरती. सकाळची नाही, संध्याकाळची नाही, दुपारचीच.

"तो झेनिथ शब्द चुकीचा आहे," सर उठता उठता म्हणाले, कारण दुसरं काही म्हणता आलं नाही.

"असू द्या हो सर," राकेश म्हणाला.

घरी येऊन सरांनी जेवणावर राग काढला. बायकोनं, पुष्पाबाईंनी, ताट उचललं. "अहो, खायचं नसेल तर नका खाऊ, पण माझ्या कढीला नावं ठेवू नका. आणि त्या पोराचं काहीतरी करा आधी."

करू काय? किल्ल्या दोन, माणसं दोन, आणि त्यातला एक पलसाण्याला. हिशेब इतका सरळ होता की सरांना तो पटेना.

४

दुसरा दिवस वासी उत्तरायणाचा. सुरतेला एका दिवसात पतंगांची हौस फिटत नाही. पुन्हा गच्च्या भरल्या, पण या सोसायटीत आज आवाज कमी होता.

पुष्पाबाई उडदाचे पापड वाळत घालायला वर आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "ही टाकी कुणी बांधली इथं? उन्हाळ्यात दुपारी या जागेवर पाय ठेववत नाही इतकं ऊन. आणि थंडीत पापड घालायला जावं तर भर दुपारी टाकीची सावली. उचला ती चादर, तिकडं सरकवा."

सर चादर उचलायला वाकले. त्यांची स्वतःची सावली चादरीवर पडली होती, चांगली लांब, डोकं पार पापडांच्या शेवटच्या ओळीपर्यंत.

ते तसेच वाकलेले राहिले.

"कंबर धरली का?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"किती वाजले?"

"साडेबारा होऊन गेले. भूक लागली असेल तर..."

सर हळूहळू सरळ झाले. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यात एक टप्पल मारून घेतली. "गाढव आहे मी. काल दुपारपासून त्या शब्दावर चरफडतोय आणि चित्र बघतच नाही. बघितलं तेव्हाही मास्तरासारखं बघितलं. पुष्पा, त्यानं शब्द चुकवलाच नव्हता ग. शब्द अगदी बरोबर होता."

"कुठला शब्द? मग चुकलं काय?"

"फोटो चुकला," सर म्हणाले आणि चप्पल न घालताच जिना उतरले. "सगळ्यांना पटांगणात बोलाव. आत्ता. सूर्य ढळायच्या आत."

५

लोक जमले, कुरकुरत जमले. योगराजभाऊंना खुर्ची आली. शोभाबाई देवळाच्या पायरीशी बसल्या. धम्मरत्न लांब उभा राहिला. अंजनाबाईंचं दार बंदच होतं.

"राकेश, ये. इथं मधोमध उभा राहा. फोटोत उभा होतास तसा."

"सर, हे काय नाटक?"

"दोन मिनिटं उभा राहा की. काल पलसाण्याला उभा राहिलास, आज माझ्यासाठी राहा."

राकेश उभा राहिला. सर त्याच्या पायाशी बोट दाखवत म्हणाले, "आता सगळ्यांनी त्याची सावली बघा."

सावली पायाखाली नव्हती. बुटांपासून निघून ती उत्तरेकडे सरळ पसरली होती, जवळजवळ त्याच्या स्वतःइतकी लांब. माणसांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. सगळ्यांच्याच सावल्या तशा होत्या. अख्खा कालचा दिवस ही माणसं वर बघत होती, खाली कुणी पाहिलंच नव्हतं.

"थोडं थांबलं की येईल पायाखाली," दीपक म्हणाला. तो मंडळाचा खजिनदार. "दुपारी सावली पायाखालीच असते."

"येणार नाही," सर म्हणाले. "थांबायचं तर थांबा, आता ती तिरकी होत लांबतच जाईल. दुपारी सूर्य त्या दिवसापुरता सर्वात उंच जातो, बस. डोक्यावर येतोच असं नाही. हाच फरक मी या शहाण्याला पत्रिका छापली तेव्हा सांगत होतो. उंच टोक वेगळं आणि बरोब्बर डोक्यावरचा बिंदू वेगळा. सुरतेत सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैत. जानेवारीत तो दक्षिणेला कललेला असतो. अरे, काल तुम्ही पतंग कशाचे उडवले? उत्तरायण म्हणजे काय? सूर्य दक्षिणेकडून आता कुठं उत्तरेला निघालाय. सणाचं नावच ते सांगतंय, आणि अख्ख्या सुरतेत एकाला ऐकू येत नाही."

त्यांनी मोबाइलवरचा फोटो दीपकच्या हातात दिला. दीपकनं फोटो पाहिला, जमिनीवरची सावली पाहिली, आणि मोबाइल पुढे दिला.

"हा फोटो दुपारचाच आहे," सर म्हणाले. "पण कालच्या दुपारचा नाही. उन्हाळ्यातला आहे, सूर्य खरंच झेनिथला होता तेव्हाचा. काल फक्त ग्रुपवर टाकला."

राकेशनं ओठांवरून जीभ फिरवली. पण तो क्लासवाला, बोलण्यात हार जाणारा नव्हे. "सर, तुम्हीच म्हणालात ना, माणूस हलला की झेनिथ हलतो? मी इथं नव्हतो, पलसाण्याला होतो. तिथं वेगळी सावली पडणार."

दोघातिघांनी मान हलवली. सरांनी डोळे मिटून घेतले. विद्यार्थ्यानं अर्धा धडा पाठ करून मास्तरावरच फेकावा, यासारखा त्रास नाही.

"हलतो," ते म्हणाले. "शिकवलेलं लक्षात ठेवलंस, बरं वाटलं. पण पलसाणा इथून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथं सावलीत नखाएवढा फरक पडणार नाही. जानेवारीच्या मध्यात पायाखाली सावली हवी असेल तर विषुववृत्त ओलांडून पार मादागास्करला जावं लागतं. तू चिक्की वाटायला मादागास्करला गेला होतास का?"

सर आता थांबणार नव्हते.

"काल इथं उभा राहून तू म्हणालास, बरोबर बसेल असा कळस आणतो. रविवारपर्यंत. कळस काय भाजी आहे, गेलं आणि घेतलं? माप जुळवून घडवायला किती दिवस लागतात ते शोभावहिनींना विचार. तुझा घडून तयार आहे, म्हणून तू बोललास. माप तू धम्मरत्नकडून दिवाळीत घेतलंस. कळस काल चोरीला गेला, आणि दुसऱ्याची तयारी दिवाळीपासून?"

योगराजभाऊ खुर्चीतून उठले. "राकेश, खरं काय?"

राकेश वडिलांकडे बघेना. त्यानं समोर पडलेल्या आपल्याच लांब सावलीकडे पाहिलं.

"देऊळ कुणी बांधलं, बाबा?" शेवटी तो म्हणाला. "चौथरा तुमचा, खांब तुमचे. आणि सर्वात वर नाव लागणार भिकनकाकाचं. लोक मान वर करून बघणार ते त्यांचं नाव. मी फक्त... नंतर सापडला म्हणून आणून ठेवणार होतो. क्लासच्या कपाटात आहे. नीट गुंडाळून ठेवलाय."

"आणि त्या पोराला पोलिसात देणार होतास," योगराजभाऊ म्हणाले. "माझ्या तोंडून देणार होतास." ते पुन्हा खुर्चीत बसले आणि खूप म्हातारे दिसायला लागले.

सरांना वाटलं होतं, सिद्ध झालं की बरं वाटेल. काही बरं वाटलं नाही. धम्मरत्न कुणाकडेही न बघता मागच्या बाजूनं घरी निघून गेला होता.

६

रविवारी धम्मरत्न आला. काम घेतलं होतं, म्हणून आला. राकेश सोसायटीत नव्हता. योगराजभाऊंनी धम्मरत्नपुढे हात जोडले. त्यानं ते धरून खाली केले. कुणी तिळगूळ पुढे केला तर म्हणाला, "हात खराब आहेत."

भिकनच्या नावाचा कळस घेऊन तो शिडी चढला. पाइपावर बसवला, फिरवून पाहिला, वेल्ड केला आणि उतरला. उतरून थेट पेटी आवरायला लागला.

शोभाबाई त्याच्याजवळ गेल्या. काय बोलायचं ते ठरवून आल्या असाव्यात. "धम्मा, मना जीभले काय व्हयनं व्हतं..." एवढंच आलं.

"मला नको सांगू, मावशी," तो म्हणाला. "आईला सांग. तिनं तेव्हापासून दार उघडलं नाही."

शोभाबाईंनी पटांगणापलीकडे पाहिलं. दुपार होती. देवळाची सावली उत्तरेकडे पडली होती, आणि तिचं टोक, नव्या कळसाची बारीक सावली, बरोबर अंजनाबाईंच्या उंबऱ्याशी जाऊन टेकली होती. पंडित सरांनीही ते पाहिलं. मेमध्ये ही तिथं नसणार, असं त्यांच्या मनात आलं. पण आयुष्यात पहिल्यांदा ते मनातलं वाक्य न बोलता गप्प राहिले.

शोभाबाई चालत गेल्या. दार वाजवलं नाही. उंबऱ्यापाशी त्या जमिनीवर बसल्या, पदर डोक्यावर ओढून. आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. गर्दी पांगायला लागली, दीपक मंडप सोडायला गेला. कळसाची सावली उंबऱ्यावरून सरकून बाजूला झाली आणि शोभाबाईंच्या तोंडावर ऊन आलं. तरी त्या उठल्या नाहीत.

मग कडी वाजली. दार अर्धवट उघडून अंजनाबाईंनी खाली पाहिलं. डोळे सुजलेले होते, आवाजात मात्र नेहमीचा करडेपणा.

"ऊनमा काबं बठनी?" त्या म्हणाल्या आणि आत यायला वाट देत बाजूला झाल्या. "मझार ये."